खारपाण

येवद्याहून परत येत होते.
समोर सोयाबीनचं मळणीयंत्र, त्याच्यामागे बुडता सूर्य,
काचेवर भुश्याचा थर.
दांडी ओढली.
वायपर आले, गेले, आले.
पाणी नाही.
धूळ नुसती सारवली गेली काचभर,
होतं तेवढंही दिसेना.
रस्त्यात वासरू उभं आहे
हे मला ते हंबरल्यावर कळलं.

बॅगेत सलाईनची बाटली होती,
हगवणीच्या कालवडीला लावायची राहिलेली.
तीच ओतली काचेवर, ओढणीनं पुसली.
घरी पोचेपर्यंत वाळून
मिठाचे पांढरे ओघळ उमटले,
औत सोडल्यावर बैलाच्या पाठीवर उमटतात तसे.

सकाळी दवाखान्याच्या आवारात, कडुनिंबाखाली,
बॉनेट उघडलं.
मारुती आठशे, दोन हजार दोनची.
माझ्या नोकरीपेक्षा वयानं मोठी.
आमचे परिचर उकंडराव गावंडे
सव्वीस वर्षं गुरांच्या शेपट्या धरतात,
त्याआधी दर्यापुरात मोटारी भरायचे.
"तुमी दांडी ओढा मॅडम. मी आयकतो."
ऐकू काहीच येईना.
मग त्यांनी माझा स्टेथोस्कोप मागितला,
टाकीच्या बुडाशी टेकवला, डोळे मिटले.
"टिक म्हनते. करंट येऊन रायला.
जित्ती हाय, पन फिरत नाई."

नवी मोटार अकोल्याहून
एसटीच्या कंडक्टरच्या हाती आली,
दोनशे चाळीस रुपयांची, वर्तमानपत्रात भज्यांसारखी गुंडाळलेली.
अंगठ्यापेक्षा थोडी जाड. एवढीशी.

जुनी निघेना. रबराचं बूच सोडायला तयार नाही.
"वासरू अडलं तं कसं करता तुमी?"
आधी थोडं आत ढकलायचं,
वळवायचं,
मग ओढायचं.
तसंच केलं,
आणि टाकीतलं सगळं पाणी माझ्या मनगटावरून चपलेत.
ओठाला थेंब लागला.
खारा.

मोटारीच्या तोंडाशी पांढरा खडा धरलेला,
जाळी बुजलेली, पिना हिरव्या.
"बोरचं पानी कोनं भरलं हिच्यात?"
मीच.
तीन वर्षं, नळी लावून.
ज्या पाण्यात डाळ शिजत नाही,
जे गाभण म्हशीला पाजू नका म्हणून
मी गावोगाव सांगत फिरते,
ते.

उकंडराव काही बोलले नाहीत.
त्यांच्याही पोटात दोन खडे आहेत,
एक डावीकडे, एक उजवीकडे,
अकोल्याच्या डॉक्टरनं फोटोत दाखवलेले.

बुचाला साबण लावून नवी दाबली.
पिना जोडल्या. वीस रुपयांच्या कॅनमधलं पाणी भरलं.
दांडी ओढली तर
घूं करून फवारा उडाला, थेट टपावरून,
मागे शेळी घेऊन उभ्या असलेल्या बाईच्या पदरावर.
"अवो, डोस शेळीले पाजा म्हनलं,
मले कायले?"

बांगडीतली सेफ्टी पिन काढून
मी फवाऱ्याचं तोंड खाली वळवलं, केसभर.
दुसरं भोक बुजलेलंच होतं, तेही टोचलं.
आता दोन धारा,
एक सरळ, एक जरा रुसल्यासारखी वाकडी.
असू दे.
मिठाचे ओघळ मात्र दोन फेऱ्यांत गेले.

कॅनमध्ये पाणी उरलं होतं.
मी तांब्या आणला.
"राहू द्या," उकंडराव म्हणाले, "गाडीले लागन."
तरी मी तांब्या भरला, त्यांच्याजवळ ठेवला.
ते पायरीवर बसून
जुन्या मोटारीचा आस नखानं फिरवून पाहत होते,
पुन्हा, आणि पुन्हा.